दमले नव्हते, दम लागत होता

छातीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचा अनुभव लिहून काढा. वाचून चार जणांना धीर येईल." मी म्हटलं, धीर माझ्याकडे शिल्लक नाही, राग भरपूर आहे, तो चालेल का? त्या हसल्या आणि चालेल म्हणाल्या. म्हणून लिहितेय. गोड शेवट हवा असेल त्यांनी दुसरं काहीतरी वाचावं.

आमची भाईंदर पश्चिमेला पिठाची गिरणी आहे, मुर्ध्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. सासऱ्यांनी रत्नागिरीहून येऊन ती टाकली. आता माझे मिस्टर चालवतात, आणि लग्न झाल्यापासून मीही. दळणाचे डबे उतरवून घ्यायचे, "भाभी, बारीक पीसना" आणि "वहिनी, भाकरीचं आहे, जरा जाडसर" हे दोन्ही लक्षात ठेवायचं, आणि संध्याकाळी पट्टा थांबला की सगळी गिरणी झाडायची, हे माझं काम. झाडताना पीठ उडतं. भुवया, पापण्या, कानाच्या पाळ्या, सगळं पांढरं. घरी आरशात बघितलं की मी माझ्या सासूबाईंपेक्षा म्हातारी दिसायचे. ह्यावर आम्ही सगळे हसायचो. मीसुद्धा.

एक शब्द

माझ्या माहेरी जिना चढून थकवा आला तरी "दमले" म्हणतात आणि श्वास लागला तरी "दमले"च म्हणतात. दम लागला असं कोणी म्हणत नाही, कारण त्याच्यापुढे एक काना दिला की दमा होतो, आणि तो शब्द आमच्याकडे लग्नाच्या मुली असलेल्या घरात उच्चारत नाहीत. तर मीही म्हणत राहिले, "दमले हो." ऐकणाऱ्याला थकवा ऐकू गेला. गिरणी झाडून झाल्यावर बाई दमली, ह्यात कोणाला काय वावगं वाटणार?

खोकला होता, पण पट्टा चालू असताना गिरणीत खोकला ऐकू जात नाही. तिथे माणसं ओरडूनच बोलतात. मी खोकायचे तेव्हा गिऱ्हाइकाला फक्त माझे खांदे हललेले दिसायचे. कोणी कोणी तर मी हसतेय असं समजून स्वतःही हसायचे.

शेवटी मिस्टर मला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर भला माणूस, पण त्यांच्याशी बोलायचं हिंदीत. भाईंदरमध्ये आपण सगळं आयुष्य हिंदीत उतरवायला शिकतो, भाजीपासून भांडणापर्यंत. तसंच मी माझं आजारपणही हिंदीत उतरवलं. म्हटलं, "डॉक्टरसाब, बहुत थक जाती हूँ."

"नींद आती है? घर में टेन्शन?"

मिस्टर शेजारच्या खुर्चीवर बसले होते. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "काम का थोडा लोड है डॉक्टर, बाकी कुछ नहीं."

"इस उमर में लेडीज लोग को होता है," डॉक्टर म्हणाले. त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, थायरॉइड तपासलं, बी-ट्वेल्वची इंजेक्शनं टोचली. छातीला नळी लावली, पण त्या वेळी माझा श्वास बरा होता. सकाळी उठल्यावर तो बराच असायचा. बिघडायचा तो संध्याकाळी, आणि संध्याकाळी डॉक्टरकडे जायला वेळ कोणाला होता, गिरणी झाडायची असायची. लोहाच्या गोळ्या मी इमानदारीत खाल्ल्या. त्यांनी बद्धकोष्ठ झालं.

गणपतीत आम्ही गिरणीला कुलूप लावून गावी जायचो. तिथे मी विहिरीवरून कळशी आणायचे आणि मला काहीही व्हायचं नाही. सासूबाई म्हणायच्या, "बघ, गावची हवा कशी मानवते तुला." परत आल्यावर पहिल्याच संध्याकाळी छाती आवळायची. मग म्हणायच्या, "मुंबईची हवाच खराब मेली." हवेला शिव्या देणं सोपं असतं. हवा उलटून बोलत नाही.

भाजणीचे दिवस

दिवाळीच्या आधी गिरणीत उभं राहायला जागा नसते. चकलीची भाजणी, बेसन, तांदळाची पिठी. त्या दुपारी मी बेसनाची गोणी मोकळी करत होते आणि श्वास आत गेला तो बाहेर येईना. लोकांना वाटतं दम्यात श्वास घेता येत नाही. मला सोडता येत नव्हता. छाती फुगलेली आणि तशीच अडकलेली.

मिस्टर पट्ट्यापलीकडून ओरडले, "काय झालं गं?"

मी म्हटलं, "दमले."

"मग बस की जरा!"

मी बसले. मुर्ध्याची एक म्हातारी तांदळाचं दळण घेऊन आली होती. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि किंचाळली, "अवो, मशिन बंद करा आदी! वयनीला बरां न्हाय!" ह्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून तिने काउंटरवरचं माप उचलून पत्र्यावर आपटलं. तेव्हा कुठे पट्टा थांबला. एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत सगळ्यांना पहिल्यांदा माझ्या छातीची शिट्टी ऐकू आली. गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघायला लागली. मला लाज वाटली. मरायला टेकले होते आणि मला लाज वाटत होती, ही बाईमाणसाची शिकवण.

हॉस्पिटलमध्ये कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर होता. त्याने मला विचारलं, "साँस फूलती है? सीटी जैसी आवाज आती है?" मी जोरजोरात मान हलवली. इतक्या वर्षांत माझ्या त्रासाचं नाव मला कोणीतरी माझ्या तोंडावर सांगत होतं. मला रडू आलं, पण रडायलाही श्वास लागतो.

"दमा है क्या पहले से?"

दमा हा शब्द ऐकून सासूबाई पुढे झाल्या. "दमा नाही हो तिला, ती नुसती दमते."

डॉक्टरला मराठी येत नव्हतं. त्याने मिस्टरांकडे बघितलं. मिस्टर म्हणाले, "बोलती है, थक जाती है."

माझ्या तोंडावर मास्क होता. आत औषधाचा धूर येत होता. मी काही बोलू शकले नाही, आणि शकले असते तर जे बोलले असते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वॉर्ड

वॉर्डातले दिवस सारखेच जातात. वाफेचा मास्क, मग बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघणं, मग पातळ चहा, मग पुन्हा मास्क. शेजारच्या खाटेवरच्या बाई दिवसभर मोबाइलवर मालिका बघायच्या आणि मला त्यातल्या सुनेची कथा सांगायच्या. मला भीती अशी की झोप लागली तर श्वास घ्यायचं विसरून जाईन. हे मी सिस्टरला सांगितलं तर ती म्हणाली, "आजतागायत कोणी विसरलं नाही मावशी." एवढं एकच वाक्य, पण मला त्याचा फार उपयोग झाला.

दुसरी चांगली आठवण तिथल्या आयाबाईंची. त्या माझे केस विंचरत होत्या आणि थांबल्या. "अहो, भांगात पीठ आहे तुमच्या," म्हणाल्या. ओलं फडकं आणून त्यांनी माझा भांग पुसला, मग कानामागे, मग मानेच्या वळीत. फडकं पिवळसर झालं. बेसन होतं ते. त्या फडकं धुवून पुन्हा आल्या.

मिस्टर संध्याकाळी यायचे. उशाशी बसायचे आणि म्हणायचे, "भाजणीची फार गर्दी आहे गं. कधी सोडतील म्हणाले?" मला माहीत आहे की तेही घाबरले होते. माणसं घाबरली की कामाचंच बोलतात. पण हे समजणं वेगळं आणि तेव्हा खाटेवर पडून ते ऐकणं वेगळं. मी भिंतीकडे तोंड करून पडायचे.

फुंकर

घरी सोडल्यावर मीरा रोडच्या एका छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. मराठी बाई. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मधेच एक प्रश्न विचारला, "दमता म्हणजे नक्की काय होतं? हाताने दाखवा." मी गळ्याखाली हात नेला आणि मूठ आवळली. त्या म्हणाल्या, "ह्याला थकवा नाही म्हणत." पाच मिनिटांत त्यांना जे कळलं त्याला फक्त एक हात दाखवावा लागला.

त्यांच्याकडे एक छोटं यंत्र होतं. आपल्या उच्छ्वासात एक वायू थोडासा असतोच, पण श्वासनलिकांना ॲलर्जीची सूज असली की तो वाढतो. यंत्र तो मोजतं. सुई नाही, रक्त नाही, नळी घशात घालणं नाही. तोंडात एक पांढरी नळी धरायची, तिच्यातून खोल श्वास घ्यायचा आणि मग सावकाश, एकसारखी फुंकर सोडायची. पडद्यावर एक ढग दिसतो, तो दोन रेघांच्या मधे ठेवायचा. जोरात फुंकलं की ढग वर पळतो, कमी पडलं की खाली बसतो. माझा दोनदा पळाला. तिसऱ्यांदा जमलं.

तपासणी करणाऱ्या मुलीने आकडा बघितला आणि विचारलं, "सुबह क्या खाया था आंटी?"

"पालक की सब्जी."

पालक, बीट, मुळा असलं काही खाल्लं की हा आकडा चढू शकतो, असं तिने सांगितलं. हे आधी सांगायला हवं होतं, ते राहून गेलं. दुसऱ्या दिवशी पालेभाजी न खाता पुन्हा बोलावलं. गेले. आकडा किंचित उतरला होता, पण तरीही जिथे असायला हवा त्याच्या कितीतरी वर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नुसत्या आकड्यावरून काही ठरत नसतं, पण तुम्ही जे सांगताय आणि हा आकडा, दोन्ही एकच सांगतायत. हा दमा आहे, आणि मला संशय पिठाचा आहे.

घरी मी दोन्ही दिवसांचं सांगितलं. मिस्टरांनी फक्त पालक ऐकला.

"पालक खाल्लास ना, म्हणून आला तसा आकडा."

"अहो, दुसऱ्या दिवशी नव्हता खाल्ला."

"पोटात असेल आदल्या दिवसाचा."

सासूबाई म्हणाल्या, "मग पालक बंद करू या घरात." आणि खरंच केला. गिरणी तशीच राहिली, पालकाला मात्र हद्दपार केलं.

श्वासातून औषध ओढायचा पंप सुरू झाला. पंपाची सवय लागते, असं मला दूधवाल्यापासून नणंदेपर्यंत सगळ्यांनी सांगितलं. जे वाचतायत त्यांना सांगते, सवय कसली लागते, श्वास घ्यायची ना? ती जन्मापासूनच लागलीय. पंप मारल्यावर चूळ भरा, नाहीतर तोंड येतं. एवढं लक्षात ठेवा आणि बाकीच्यांचं ऐकू नका.

पूनम सागर

पंपाने बरं वाटायचं आणि संध्याकाळी गिरणी झाडली की पुन्हा तेच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही दिवस गिरणीपासून लांब राहा आणि मग पुन्हा फुंकून बघू. औषध तेच ठेवायचं, वाढवायचं नाही.

मिस्टर लगेच म्हणाले, "गावी जा मग. गावची हवा मानवते तुला."

मी म्हटलं नाही. मी शुभाकडे जाते. शुभा माझी धाकटी बहीण, मीरा रोडला पूनम सागरमध्ये राहते. आमच्या घरापासून रिक्षाने कितीसं? तीच हवा, तोच धुरळा, खिडकीसमोर बांधकाम चालू, मच्छर तर आमच्यापेक्षा जास्त. नाही ते फक्त पीठ. शुभाला मी सांगून ठेवलं की पोळ्या बाहेरून आण. ती म्हणाली, "ताई, तू ये, आपण भातच खाऊ."

तिच्याकडे मी चार जिने चढून उतरून बघायचे, उगाचच, हातात पिशवी घेऊन. वर पोचून दारात उभी राहायचे आणि वाट बघायचे की आता शिट्टी वाजेल. वाजायची नाही. शुभा विचारायची, "दमलीस?" मी म्हणायचे, "हो. नुसती दमलेय." आणि आम्ही दोघी हसायचो. नुसतं दमणं किती सुखाचं असतं हे मला तेव्हा कळलं.

मग फुंकर. ढग पहिल्याच वेळेला दोन रेघांत राहिला. आकडा अर्ध्याहून खाली. डॉक्टरीणबाईंनी मिस्टरांना आत बोलावलं, यंत्राचा पडदा त्यांच्याकडे फिरवला आणि सांगितलं, "गिरणीत ह्यांनी पाय ठेवायचा नाही."

मिस्टर पडद्याकडे बघत राहिले. मी त्यांच्याकडे बघत होते. वर्षानुवर्षं ह्याच तोंडाने मी ह्यांना सांगत होते. तोंडातून शब्द निघत होते तोवर त्यांना किंमत नव्हती. त्याच तोंडातून नुसती हवा निघाली आणि ती खरी ठरली. जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. मला अपमान वाटला.

रिक्षात ते म्हणाले, "मग काय गिरणी बंद करू?"

"मी बंद करा म्हटलं का?"

"तिला दोष लागला ना. बाबांनी उभं आयुष्य काढलं तिथे."

बाबा म्हणजे माझे सासरे. ते शेवटची काही वर्षं उशांना टेकून बसून झोपायचे. सगळे म्हणायचे, म्हातारपणाने दमतात. मी त्या रिक्षात हे बोलले नाही. पण त्यांनाही तेच आठवलं असणार, कारण पुढे घर येईपर्यंत ते रस्त्याकडेच बघत होते. तेव्हा मला कळलं की ह्यांना माझा राग नव्हता आलेला. त्यांना त्या यंत्राची भीती वाटली होती.

आता

मी गिरणीत जात नाही. मिस्टर एकटे बघतात, झाडतातही तेच. गिऱ्हाइकांना सांगतात, "हिला आता पीठ सोसत नाही," जणू मी कुठली महाराणी झालेय. घरी आले की बाहेरच शर्ट झटकतात, हे मी भांडून मिळवलं. सासूबाई अजून शेजारी सांगतात की सुनेला ॲलर्जी आहे. दमा म्हणत नाहीत.

आणि गेल्या शिमग्यानंतर एक गोष्ट व्हायला लागली. मिस्टर आमच्या जिन्यात मधेच थांबायला लागले. चप्पल नीट करायचा बहाणा. एकदा मी मागूनच येत होते.

"काय झालं?"

"काही नाही. दमलोय जरा."

मी काय म्हटलं सांगू? मी म्हटलं, "बसा मग जरा." अगदी त्यांच्याच सुरात. आणि मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही. ते पायरीवर बसले. त्यांचे खांदे वर गेले आणि तिथेच राहिले. ते खांदे मला ओळखीचे होते. बरं वाटणं तिथेच संपलं.

डॉक्टरकडे चला म्हणून मी रोज सांगितलं. शिकार करावी तशी मागे लागले. शेवटी हो म्हणाले. आदल्या दिवशी सासूबाईंनी बऱ्याच महिन्यांनी पालक केला होता. ह्यांनी पानातला पालक ताटाच्या कडेला सारला आणि आमटीभात खाऊन उठले.

डॉक्टरीणबाई रजेवर होत्या. त्यांच्या जागी एक नवीन डॉक्टर, हिंदी बोलणारे. "बोलिए, क्या तकलीफ है?"

मी शेजारच्या खुर्चीवर बसले होते. घरून ठरवूनच आले होते की काही बोलायचं नाही. ज्याचं त्याने सांगावं. मलाही कळू दे कसं सांगतात.

मिस्टर म्हणाले, "कुछ खास नहीं डॉक्टर. थोडा थक जाता हूँ."

डॉक्टरांनी पेन उचललं. कागदावर टेकवलं. मला लोहाच्या गोळ्या आठवल्या.

"थकते नहीं हैं," मी म्हटलं. "साँस फूलती है. शाम को. सीटी बजती है."

डॉक्टरांनी वर बघितलं. मिस्टरांनीही बघितलं, मान वळवून, माझ्याकडे. त्यांच्या कानाच्या पाळीवर सकाळचं पीठ तसंच होतं.

माझ्या वेळी शेजारच्या खुर्चीवर ते बसले होते.